थांबणारा ठोका

एव्हरल्डला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो बूट काढत होता. बहरीनच्या मनामा शहरातल्या आमच्या हॉटेलचा हॉल, दुपारची वेळ, स्टेजवर वायरींचा पसारा, आणि सहा फुटांचा हा जमैकन माणूस खुर्चीवर बसून तपकिरी बुटांच्या नाड्या सोडवतोय. बूट काढले, एकाला एक लावून स्टेजच्या कडेला ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर माइकसमोर जाऊन उभा राहिला. आमचे ड्रमर हनीफभाई माझ्या कानाशी लागले. "बगा, कसा मान ठेवतंय स्टेजचा. आपल्यातला कोन काडील काय बूट?" मलाही ते पटलं. आपल्याकडे नट रंगमंचाला नमस्कार करून पाऊल टाकतात, त्यातलाच प्रकार असणार असं धरून मी त्याला मनातल्या मनात चांगले गुण देऊन टाकले.

महिन्याभराने कळलं की भक्तीचा त्यात काही संबंध नव्हता. ड्रमचा ठोका स्टेजच्या फळ्यांतून तळव्यांना लागतो, आणि तो लागला की त्याला गायला सुचतं, एवढंच. "कान फसतो, सिरी. पाय फसत नाही," तो म्हणाला. माझं नाव श्रीकांत. त्याने त्याचं सिरी केलं ते कायमचं.

मी त्या हॉटेलात साऊंड सांभाळतो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, गणपतीत आणि ऑर्केस्ट्रांत स्पीकर उचलत फिरलो आणि एका मित्राच्या ओळखीने बहरीनला आलो. राहायला सनदला. बायको मेधा इथे शाळेत शिकवते, मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. म्हणजे सगळं इथल्या चार मराठी घरांसारखंच. एव्हरल्डशी माझं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण त्याचं इंग्रजी मला पहिले सहा महिने निम्मंच कळायचं. इथे मी ते माझ्या मराठीत लिहितोय, त्याला त्याच्या बोलण्याची सर यायची नाही.

त्याचं काम होतं शुक्रवारच्या ब्रंचला गायचं. शुक्रवारी इथे सुट्टी असते. जुफैरच्या नाविक तळावरचे अमेरिकन, अमवाजवरचे इंग्रज, थोडे आपले बँकवाले असे सगळे दुपारी बायकापोरांसकट येतात आणि चार वाजेपर्यंत जेवत बसतात. त्यांना पार्श्वभूमीला काहीतरी समुद्रकाठचं, ऐसपैस संगीत लागतं. मॅनेजमेंटने एजंटाकडे जमैकाचं रेगे संगीत मागितलं आणि एजंटाने एव्हरल्ड पाठवला. त्याच्याबरोबर बेस आणि कीबोर्डला दोन फिलिपिनो भाऊ आणि ड्रमला हनीफभाई. हनीफभाई मूळचे रत्नागिरीकडचे, आठवडाभर नळ-पाइपांच्या दुकानात स्टोअरकीपर, बिऱ्हाड नईमला. जुम्याची नमाज उरकून ते धावत यायचे, माझ्या साऊंडच्या खोलीत पांढरा कुर्ता उतरवायचे आणि फुलाफुलांचा शर्ट चढवायचे. नईममधल्या त्यांच्या लोकांत याची वाच्यता नव्हती. भाभींना तेवढं ठाऊक होतं.

गायकाची कुठलीच नाटकं एव्हरल्डकडे नव्हती. डाव्या बाहीत स्वतः इस्त्री केलेला पांढरा रुमाल, हातात आल्याच्या पाण्याचा थर्मास, बस. माइक तपासताना सगळे 'हॅलो, वन, टू' करतात. हा टेबलावरचं मेनूकार्ड उचलायचा आणि ते गायला लागायचा. हमूस, तब्बुले, लॅम चॉप्स, त्यातली ती परदेशी चीजची अवघड नावं, सगळं त्या ठेक्यावर असं चपखल बसवायचा की स्वयंपाकघरातून आचारी हात पुसत बाहेर येऊन उभे राहायचे. मी म्हटलं, हे कसं जमतं? तर म्हणाला, हाच तर माझा धंदा. तालावर बोलायचं. चांगलं बोललास तर लोक त्याला गाणं म्हणतात.

हनीफभाईंनी त्याला 'जेवलास?' एवढं एक वाक्य शिकवलं होतं. ते तो सगळ्यांना विचारायचा. मला, लिफ्टमनला, गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला, एकदा तर ब्रंचला आलेल्या कुणा अरबी पाहुण्याला. दुसरा मराठी शब्द त्याने माझ्याकडून उचलला. गाताना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्या पायाशी जो मॉनिटर स्पीकर असायचा तो गुणगुणायचा, आणि दुरुस्त कधी करतोस असं विचारलं की मी म्हणायचो, "उद्या." बारा-पंधरा वेळा ऐकल्यावर त्याने अर्थ विचारला, आणि त्या दिवसापासून चिडवायला मला मिस्टर उद्या म्हणू लागला. चिडवण्यासारखंच होतं. तो मॉनिटर मी दीड वर्षाने दुरुस्त केला.

आंब्यावरून मात्र त्याची आणि हनीफभाईंची खरोखर जुंपली. मे महिन्यात हनीफभाईंनी गावाकडून आलेल्या पेटीतले चार हापूस त्याच्यासाठी आणले. एव्हरल्डने एक हुंगला, चाखला आणि म्हणाला, छान आहे, पण आमच्याकडे जमैकात एक आंबा आहे, त्याला बॉम्बे म्हणतात. मधोमध गोल सुरी फिरवायची, दोन्ही हातांनी पिळायचं, आणि बाठा आपोआप सुटून हातात येतो. हनीफभाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "नाव आमच्या मुंबईचा आनि तोरा यांचा," ते मला म्हणाले. "बाठा सुटला म्हंजी काय आंबा चांगला झाला? त्याला सांगा, आंबा चोखायला असतंय, उगडायला नाय." मी भाषांतर केलं. एव्हरल्ड इतका हसला की त्याला खोकला लागला आणि खुर्चीवर बसून राहावं लागलं. त्याच्या छातीत काहीतरी दुखणं आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. धुळीचं वारं सुटलं की त्याचा श्वास अडायचा. त्याबद्दल तो बोलायचा नाही.

एका गणपतीत तो आमच्याकडे सनदला जेवायला आला. सासूबाई व्हिजिटवर आलेल्या होत्या. त्यांची आरती अंमळ धिमी. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या दम घेतात, आणि टाळ्या वाजवणारे तीस जण त्यांच्यासाठी हात अधांतरी धरून थांबतात. एव्हरल्ड दाराशी बूट काढून उभा होता आणि टक लावून ते बघत होता. जेवताना त्याने विचारलं, "त्या बाईंसाठी सगळे थांबतात. हे तुम्हाला कोण शिकवतं?" मी म्हटलं, शिकवतं कोण, सासू आहे, न थांबून सांगतो कुणाला. तो हसला नाही. हात धुऊन आम्ही गॅलरीत बसलो आणि तिथे त्याने मला लेरॉयचं सांगितलं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य, जमैकातलं किंग्स्टन शहर, आणि हा एकोणीस वर्षांचा. तिथे तेव्हा मोकळ्या अंगणांत कपाटाएवढे स्पीकर लावायचे, रेकॉर्डची नुसत्या वाद्यांची बाजू वाजवायची आणि कुणीतरी माइक घेऊन त्यावर बोलायचं, गायचं. त्याला डान्सहॉल म्हणतात. एकाच ठेक्यावर पन्नास जण आपापली गाणी म्हणायचे, आपल्याकडे एका चालीवर चार आरत्या म्हणतात तशा. एव्हरल्ड त्यातला एक. लेरॉय त्याचा मावसभाऊ, वयाने मोठा, ड्रमर. गाताना श्वास कुठे घ्यायचा हे त्याला लेरॉयने शिकवलं. "तू दम घे, तोवर मी आहे," असं तो म्हणायचा, आणि खरंच असायचा. हा अडला की लेरॉयचा हात हवेत थांबायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, गाणंच तसं आहे.

मग एका निर्मात्याने बोलावलं. दोघे गेले. लेरॉय बाहेर अंगणात एका उपड्या खोक्यावर बसला, काठ्या मांडीवर. आत गेल्यावर एव्हरल्डने पाहिलं तर वाद्यं नाहीतच. टेबलावर एक चिमुकला कीबोर्ड, मुलांना वाढदिवसाला देतात तसला. निर्मात्याने बटण दाबलं आणि ठेका आपोआप सुरू झाला. बाहेर कोण बसलंय हे एव्हरल्डला माहीत होतं. तरी तो गायला. तीन वेळा गायला, तासाभरात काम झालं. बाहेर आला तेव्हा लेरॉयने विचारलं, "मला कधी बोलावतायत?"

"मी म्हणालो, उद्या," एव्हरल्ड म्हणाला. हा शब्द तेवढा त्याने मराठीतून म्हटला, माझ्याकडे न बघता. मला आधी वाटलं, थट्टा करतोय.

लेरॉय आठवडाभर रोज येऊन त्या खोक्यावर बसला. तोवर सगळ्या स्टुडिओंतून तसली यंत्रं आली होती आणि बेस, ड्रम, बाजा वाजवणारी माणसं घरी बसत होती. एव्हरल्डचं गाणं त्या उन्हाळ्यात अंगणाअंगणांत वाजलं. डिसेंबर येईस्तोवर त्याच ठेक्यावर आणखी पन्नास जण गायले, त्यातले काही याच्याहून बरे. यंत्राला जसा लेरॉय नको होता तसा हाही नको होता, कुणीही चालत होतं. लेरॉय पुढे एका बेकरीत कामाला लागला. एव्हरल्ड त्याला खरं सांगायला कधी गेला नाही. जहाजांवर गायला, लंडनला लग्नांत गायला, फिरत फिरत आखातात आला. मात्र त्यानंतर त्याने एक नियम केला. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टच्या तळाशी तो स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायचा: ड्रमवर माणूस असेल. आमच्या हॉटेलच्या कॉन्ट्रॅक्टवरही ती ओळ होती, मी पाहिलीय.

हे सगळं मला त्या गॅलरीत समजलं होतं, हे इथेच नोंदवतो. पुढे जे केलं ते अजाणता केलं असं म्हणायची सोय मला नाही.

कोविडनंतर हॉटेल पुन्हा उघडलं तेव्हा सगळीकडे कात्री लागली. आमचा जेवणाखाण्याचा मॅनेजर जॉर्ज, लेबनॉनचा, एका सकाळी माझ्या खोलीत आला. बँड परवडत नाही, गायक ठेवू, बाकी मफी, म्हणजे कुणी नाही. "तू कॉम्प्युटरवर करतोस ना ते सगळं? यल्ला, करून दे." मी एव्हरल्डच्या त्या ओळीची आठवण करून दिली. तो म्हणाला, जुनं कॉन्ट्रॅक्ट खलास, नवं करतोय, व्हिसा हवा असेल तर सही करेल.

मी नाही म्हणू शकलो असतो का? म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा कुणी आणला असता, असं मी मेधाला सांगितलं, आणि ते खरंही असेल. पण त्याहून खरं हे, की मला ते करून दाखवायचं होतं. नवं सॉफ्टवेअर शिकलो होतो. त्याला काम नव्हतं.

हनीफभाईंना मी बोलावलं आणि सांगितलं, नवे माइक आलेत, जरा एकेक ठोका द्या. त्यांनी तासभर एकेक ठोका दिला. हलका, जोराचा, कडेचा, मधला. मध्ये दोनदा विचारलं, "बरा येतंय काय? आनकी देऊ?" मी म्हटलं, द्या. मग त्यांची आणि एव्हरल्डची गाणीही पुरी रेकॉर्ड करून घेतली, तालमीच्या नावाखाली. मग घरी बसून कॉम्प्युटरवर ते लावायला घेतलं.

स्क्रीनवर तालाच्या उभ्या रेघा असतात. प्रत्येक ठोका रेघेवर बसायला हवा. हनीफभाईंचे ठोके बसेनात. तीन ओळी नीट जायच्या, चौथीला ठोका मागे राहायचा, कधी तर पार अर्ध्या घराने. मला वाटलं, माणूस आठवडाभर पाइप मोजतो, शुक्रवारी वाजवतो, चुकणारच. मी एकेक ठोका उचलून रेघेवर ठेवला. दोन रात्री त्यात गेल्या. काम इतकं सफाईदार झालं की मी स्वतःवरच खूश झालो. त्या मागे राहिलेल्या प्रत्येक ठोक्याच्या जागी एव्हरल्ड श्वास घेत होता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. गॅलरीत बसून तेच तर ऐकलं होतं.

दोघा फिलिपिनो भावांना आणि हनीफभाईंना ऑफिसातून फोन गेला, आता येऊ नका. हनीफभाई काठ्या न्यायला आले तेव्हा मी वायर गुंडाळायला खाली वाकलो, उगाचच. त्यांनी काठ्या पिशवीत घातल्या, फुलाफुलांचा शर्ट घडी करून वर ठेवला आणि दारातून विचारलं, "ठोके चांगले आलेत ना वो?" मी हो म्हटलं. ते "बरा झाला" म्हणाले आणि गेले. टोमणा होता की खरंच विचारत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एव्हरल्डने सही केली. "एकोणीसचा असताना यंत्रावर गायलो तो हावेने, आता व्हिसासाठी," म्हणाला. पहिल्या तालमीला सवयीने बूट काढून तो स्टेजवर उभा राहिला. मी ट्रॅक लावला. त्याने मान तिरकी करून ऐकलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"हा तर हनीफ आहे."

"हो," मी म्हटलं.

तो गायला लागला. चौथ्या ओळीला दम घ्यायला थांबला, आणि ठेका पुढे निघून गेला. त्याने पुन्हा पकडला, पुन्हा सुटला. हात वर करून त्याने मला थांबवलं. "हनीफच आहे," तो म्हणाला. "पण हा थांबत का नाहीये?"

त्याने पायाखालच्या फळीकडे बघितलं, कडेला गेला आणि बूट घातले. फळीत आता काही येतच नव्हतं. त्यानंतर त्या स्टेजवर मी त्याला बूट काढताना पाहिलं नाही.

त्याला शुक्रवारी आणायला-सोडायला हनीफभाईंचीच गाडी असायची, कारण एव्हरल्डला गाडी चालवता येत नव्हती. नोकरी गेल्यावरही ते येत राहिले. त्याला दारात उतरवायचे आणि चार वाजेपर्यंत पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचे. आत त्यांचेच ठोके वाजत असायचे. पार्किंगमध्ये बसलेल्या हनीफभाईंत एव्हरल्डला कोण दिसत असेल, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. मी तिकडे बघणं कमी केलं.

गाण्यात तो दर शुक्रवारी अडायला लागला. लोक अजून जेवणात गुंग होते, पण जॉर्जच्या ध्यानात आलं. मग मी आणखी एक शहाणपणा केला. तालमीच्या वेळचा त्याचा आवाज माझ्याकडे होताच, छाती बरी असतानाचा. तो ट्रॅकमध्ये घातला आणि त्याचा सरकता खटका अंगठ्याखाली ठेवला. तो दम घ्यायला थांबला की मी खटका वर सरकवायचो, रेकॉर्डचा आवाज ओळ पुरी करायचा, तो सावरला की खाली. फक्त हॉलकडे तोंड केलेल्या बाहेरच्या स्पीकरांना. त्याच्या पायाशी जो मॉनिटर होता, मी दुरुस्त केलेला, त्यात ते जाऊ दिलं नाही. त्यामुळे त्याला काही कळलं नाही. एवढी काळजी मी घेतली.

मेधाला सांगितलं तर तिने विचारलं, "त्याला माहितीये?"

"नाही. वाईट वाटेल त्याला."

"मग नीट नाहीये हे," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. मी म्हटलं, तुला त्यातलं तांत्रिक कळत नाही.

तिसऱ्या शुक्रवारी एव्हरल्ड ब्रंच संपल्यावर माझ्याकडे आला, थर्मासमधलं आल्याचं पाणी मला झाकणात ओतून दिलं आणि म्हणाला, "सिरी, छाती सुधारतेय बहुतेक. लोक शेवटपर्यंत टाळ्या देतायत. अडलो तरी कुणाला कळत नाही." खूप दिवसांनी तो मोकळं हसला. मी ते पाणी प्यायलो. तेव्हा सांगायला हवं होतं. त्या एका क्षणासाठी मी स्वतःला माफ करत नाही. बाकीच्यासाठी कारणं तरी देता येतात.

चौथ्या शुक्रवारी एका टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता. एव्हरल्ड माइक घेऊन खाली उतरला, टेबलांमधून गात गेला. बाहेर धुळीचं वारं होतं. मधल्या टेबलापाशी त्याला खोकल्याची उबळ आली. माझा अंगठा सवयीने वर गेला. तो आता मॉनिटरपाशी नव्हता, बाहेरच्या स्पीकरसमोर उभा होता, हे माझ्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. त्याने रुमाल तोंडाला लावला होता आणि हॉलभर त्याचा आवाज गात होता.

मी खटका खाली ओढायला हवा होता. ओढला नाही. एव्हरल्डने रुमाल बाजूला केला, माइक खाली धरला आणि तोंड मिटून उभा राहून अख्खं कडवं ऐकलं. लोकांना ती गंमत वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, वाढदिवसाच्या मुलीने शिट्टी मारली. कडवं संपल्यावर तो वाकून मुलीला शुभेच्छा देऊन आला. स्टेजवर ड्रमचं रिकामं स्टूल अजून होतं, त्यावर बसला. उरलेलं गाणं मी बंद केलं.

"किती शुक्रवार?" त्याने नंतर विचारलं.

"चार."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे मी बरा होत नव्हतो," तो म्हणाला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "माझा आवाज त्या डब्यातून काढून टाक, सिरी. एवढंच कर."

मी हो म्हटलं. त्याने महिनाअखेरीस नोकरी सोडली. आवाज पुसायला एक बटण दाबावं लागतं. मी जॉर्जला विचारायला गेलो, म्हणजे नाही ऐकायला गेलो. जॉर्ज म्हणाला, वेडा आहेस का, शुक्रवार चालू राहिला पाहिजे. आता स्टेजवर कुणी नसतं, कोपऱ्यात नारळाच्या झाडाचं चित्र लावलंय, आणि ब्रंचला एव्हरल्ड गातो. चौथ्या ओळीलासुद्धा अडत नाही. अजून, दर शुक्रवारी. लावणारा मीच.

शेवटचं त्याला पाहिलं ते नईमला. कंपनीची खोली सोडावी लागली म्हणून विमानाच्या तारखेपर्यंत तो हनीफभाईंकडे राहत होता. शनिवारी दुपारी मी गेलो. कबूल करायचं असं ठरवून गेलो होतो. कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, शेजारचा जिना, दुसरा मजला. दार अर्धवट उघडं होतं, बाहेर घरच्यांच्या चपला आणि त्यांच्या रांगेत ते तपकिरी बूट, एकाला एक लावलेले. आतून दफ वाजत होता. कोकणात त्यांच्याकडे लग्नाकार्यात वाजवतात तो, हनीफभाईंच्या वडिलांचा. त्यावर एव्हरल्ड गात होता, ते किंग्स्टनचं जुनं गाणं, हळू, बसल्या बसल्या गातात तसं.

चौथी ओळ आली आणि तो थांबला. दफही थांबला. त्या शांततेत माझा उजवा अंगठा आपोआप वर गेला, जिन्यात उभा असताना, हाताशी काही नसताना. मी हात खिशात घातला. मग त्याचा आवाज आला, उशिरा, बारीक, आणि त्याच्याखाली बरोबर ठोका पडला. मी पायरीवर बसून राहिलो. आत जाववेना.

गाणं मध्येच सोडून तो हवेसाठी दारात आला आणि मी दिसलो. अनवाणी होता, कमरेला हनीफभाईंची लुंगी, ती त्याला घोट्याच्या वीतभर वर येत होती.

"सिरी. जेवलास?"

"हो," मी म्हटलं. जेवलो नव्हतो.

दाराला हात टेकून त्याने थोडा श्वास घेतला. "माझा आवाज काढलास?"

सांगायचं तेच होतं, त्यासाठीच मी आलो होतो. माझ्या तोंडून निघालं, "उद्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवर बसलेला, हात खिशात. कितीतरी वेळ बघत होता, आणि त्या नजरेत राग नव्हता, ओळख होती. "उद्या," तो सावकाश म्हणाला, वाकून माझ्या खांद्यावर एकदा थोपटलं आणि आत वळला.

दार त्याने लोटलं नाही. आत चटईवर हनीफभाई बसले होते, डाव्या हातात दफ, उजवा हात वर उचललेला, आणि तो परत येऊन बसेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला.